कीर्द वहीत, खतावणी फोनवर : मानेवाड्यातल्या एका घराचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५. दुपारची वेळ. माझी ताई शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसली होती आणि नागपुरातल्याच धंतोलीच्या दवाखान्यातून फोन आला. तिच्या सासूबाईंच्या आयएनआरचा, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं त्या तपासणीचा, रिपोर्ट ४.८ आला होता. आकडा जास्त होता, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कमी करायची होती. एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस ३ असं जे चालू होतं ते थांबवून रोज २. ताईने गठ्ठ्यावर बांधलेल्या कागदावर ते लिहून घेतलं, भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप केला, तेवढ्यात घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

घरात त्या डोसची आणखी तीन ठिकाणी नोंद होती. फ्रिजवर चिकटवलेला कागद, दवाखान्याची फाइल, आणि ताईच्या फोनमधला रात्री साडेआठचा गजर, ज्याचं नावच ‘आईंची गोळी, विषम ३ सम २’ असं होतं. तिन्हीकडे जुनाच डोस राहिला. भाच्याची बारावीची परीक्षा चालू होती. त्याने मेसेज पाहिला, निळ्या खुणा उमटल्या, आणि आईला माहीत आहेच असं धरून तो पुन्हा पुस्तकात शिरला. भाऊजी रेल्वेत मालगाडीवर लोको पायलट आहेत, ते तेव्हा बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रामगृहात होते. सासूबाई फ्रिजवरचा कागद वाचून नऊ दिवस जुनीच गोळी घेत राहिल्या. दहाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त थांबेना. दंडावर तळहाताएवढा जांभळा डाग दिसला. आयएनआर ६.१. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली, डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली. सासूबाई बऱ्या झाल्या. ताईला मात्र पुढे कित्येक दिवस झोप नव्हती.

ज्यांच्या घरात ही गोळी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सासूबाईंच्या हृदयातली डावीकडची झडप बदलून तिथे धातूची बसवली आहे. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून असेनोकुमारॉल नावाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआरचा आकडा सांगतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी २.५ ते ३.५ ही मर्यादा ठरवून दिली आहे. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि डोस थोडा खाली-वर करायचा. म्हणजे या घरात एक अशी गोष्ट आहे जी सतत बदलते, चार माणसांना माहीत असावी लागते, आणि चुकली तर महागात पडते.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून काढते आहे, कारण त्या दिवसांत सगळे ताईला एकच सांगत होते, ‘अगं, लिहून ठेवत जा.’ ताईने लिहिलं होतं. कागदावर लिहिलं, फोनवरही लिहिलं. विसरली कोणीच नव्हती. तरीही नऊ दिवस चूक चालू राहिली. तेव्हा खरी अडचण कुठे होती, हे शोधणं मला गरजेचं वाटलं.

आधी घराचा रोजचा दिवस. ताई खासगी अनुदानित शाळेत शिकवते. सकाळी साडेसहाला डबे, मग सासूबाईंची साखर तपासणं, मग स्कूटीवरून शाळा. वर्गात फोन पर्समध्ये, आवाज बंद. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत आलेली कोणतीही आठवण तिच्यापर्यंत पोचतच नाही. भाऊजींच्या ड्यूटीला दिवस-रात्र नाही. साधारण दोन तास आधी कॉल येतो, की बॅग उचलून लॉबीत हजर. गाडी आमल्याला जाईल की बल्लारशाला, परत कधी येतील, हे घरात कोणी सांगू शकत नाही. भाचा बारावीत, सीईटी पुढ्यात. सासूबाई स्वतः चांगल्या सावध आहेत, वाचतात, पण फोन त्यांना फक्त उचलता येतो.

पहिला उपाय मी केला, आणि तो फसला. मी सी. ए. च्या ऑफिसात काम करते, दिवसभर कॉम्प्युटरवर असते, म्हणून मला वाटलं की सगळं एका अ‍ॅपमध्ये टाकलं की झालं. एका रविवारी बसून मी ताईच्या फोनवर कामांचं एक अ‍ॅप टाकलं. शाळा, घर, आई, पोरगा असे विभाग केले, प्रत्येकाला वेगळा रंग. गूगल कॅलेंडरवर ‘घर’ नावाचं एक सामायिक कॅलेंडर काढून चौघांनाही जोडलं. ताईने मनापासून प्रयत्न केला. अकरा दिवस चाललं. मग मी पाहिलं तर कामांच्या यादीत चौऱ्याऐंशी गोष्टी लाल होऊन पडल्या होत्या, सूचना तिने बंद केल्या होत्या, आणि पर्समध्ये पुन्हा चिठ्ठ्या दिसत होत्या.

‘फोनमध्ये सगळं आहे गं,’ ती म्हणाली, ‘पण मले काही सापडून नाही राहिलं.’

ते खरं होतं. उभ्या उभ्या, एका हातात पिशवी असताना तिला काही लिहायचं असतं, तेव्हा फोन उघडायचा, अ‍ॅप उघडायचं, विभाग निवडायचा, तारीख निवडायची, मग टाइप करायचं, एवढं कोण करणार? नोंद करतानाच तिला ठरवावं लागत होतं की ही गोष्ट कुठली, कधीची, कोणाची. ते ठरवायला डोकं शांत लागतं, आणि दुपारी सव्वा वाजता स्टाफरूममध्ये ते शांत नसतं. म्हणून नोंदच राहून जायची. सामायिक कॅलेंडरचं तर भाऊजींपुढे काही चाललंच नाही. ज्या माणसाला उद्याची ड्यूटी आज माहीत नाही, त्याच्यासाठी मंगळवारी चार वाजताचं काम लिहून ठेवण्यात काय अर्थ होता? मी ही चूक केली, कारण मी माझ्या ऑफिसच्या दिवसाचा साचा तिच्या घराला लावायला गेले.

गुढीपाडव्याला, ३० मार्चला, ताईकडे सगळे जेवायला होतो. रविवार होता. बाबाही महालातून आले होते. बाबांनी मस्कासाथच्या एका किराण्याच्या पेढीवर अडतीस वर्षं मुनीम म्हणून काम केलं. जेवणं झाल्यावर ताईने सगळा पसारा त्यांच्यापुढे मांडला. फ्रिजवरचा नवा कागद, फाइल, फोन, पर्समधल्या चिठ्ठ्या. मार्चमध्ये आयएनआर २.१ वर उतरला होता, म्हणून डॉक्टरांनी डोस पुन्हा एक दिवस २, एक दिवस ३ असा केला होता आणि ताईने यावेळी तिन्ही ठिकाणी तो नीट बदलला होता. विषम तारखेला ३, सम तारखेला २.

बाबांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि विचारलं, ‘उद्या किती तारीख?’

‘एकतीस.’

‘आणि परवा?’

ताई गप्प झाली. एकतीस विषम, एक तारीखही विषम. दोन्ही दिवस ३. म्हणजे वर्षात ज्या सात महिन्यांना एकतीस दिवस असतात, त्या सातही महिन्यांच्या शेवटी दोन मोठे डोस लागोपाठ जात होते, लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आणखी एकदा. एवढ्याने आयएनआर ६.१ वर गेला असेल असं अजिबात नाही. तो गेला नऊ दिवसांच्या चुकीमुळे. पण जी पद्धत पक्की म्हणून घरात कितीतरी दिवस चालू होती, तिच्यात भोक होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताईने दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टरांनी वारावर डोस लावून दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार ३, बाकीचे चार दिवस २. आठवड्याला १७ मिलिग्रॅम. वार कधी चुकत नाही.

नंतर बाबा जे बोलले, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. त्यांनी सगळे कागद गोळा करून एकावर एक ठेवले आणि म्हणाले, ‘तुम्ही साऱ्या खतावण्याच लिहून राहिल्या. कीर्द कुठे आहे तुमची?’

कीर्द आणि खतावणी हे शब्द शाळेत वाणिज्य शिकलेल्यांना आठवतील. कीर्द म्हणजे रोजची वही. दिवसभरात जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने, एकाखाली एक. पैसे कोणाकडून आले, कोणाला गेले, माल कुठे दिला, कुठलंही वर्गीकरण नाही, मध्ये कोरी जागा सोडायची नाही. खतावणीत प्रत्येक माणसाचं, प्रत्येक बाबीचं वेगळं खातं असतं. संध्याकाळी मुनीम कीर्दीतली एकेक ओळ वाचतो आणि ती तिच्या तिच्या खात्यात चढवतो. त्यालाच खतावणं म्हणतात. चढवली की कीर्दीत ‘खा. पा.’ या रकान्यात खात्याचं पान लिहितो. तो रकाना रिकामा दिसला की समजायचं, ही ओळ अजून खतवायची राहिली आहे. बाबा सांगतात की शिल्लक जुळल्याशिवाय त्यांच्या पेढीला कुलूप लागत नसे, मग रात्रीचे दहा वाजोत.

ताईच्या घरात फ्रिजवरचा कागद ही खतावणी होती. फोनमधला गजर ही खतावणी. दवाखान्याची फाइल ही खतावणी. तीन खतावण्या, आणि त्यांना भरवणारी कीर्द एकही नाही. डॉक्टरांचा फोन एका सुट्या कागदावर आला आणि तिथेच राहिला. त्या कागदावरून तो कुठे कुठे चढवायचा आहे, हे सांगणारा रकानाच नव्हता. माझ्या अ‍ॅपनेही तेच केलं होतं. मी ताईला थेट खतावणीत लिहायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून लाल कापडी बांधणीची, दोनशे पानांची आखीव वही आणली. पहिल्या पानावर बाबांनी स्वतः ‘श्री’ लिहिलं आणि उजवीकडे एक उभी रेघ मारून बोटभर रकाना सोडला. प्रत्येक पानावर तो रकाना असतो. ताई त्यात एक अक्षर लिहिते. ‘कॅ’ म्हणजे फोनच्या कॅलेंडरवर चढवलं. ‘या’ म्हणजे फोनमधल्या यादीत. ‘आ’ म्हणजे वहीच्या शेवटी असलेल्या आईंच्या पानावर. ‘हे’ म्हणजे भाऊजींच्या पानावर, त्याबद्दल पुढे सांगते. ज्या ओळीचं पुढे काही करायचं नाही, तिथे नुसती आडवी रेघ.

एक पान जसंच्या तसं उतरवते. तारीख सोमवार, १४ जुलै.

श्री शिल्लक – ब्लाउज शिवायला (३), मावशींना फोन (१)
स. ६.५० – आईंची साखर १४२ – आ
स. १०.२० – पटाची माहिती शुक्रवारपर्यंत द्यायची – कॅ
दु. १.१५ – गॅसचा नंबर लागला, बुधवारी येईल – कॅ
दु. १.३० – चि. चा नॉन-क्रिमिलेअर दाखला, सेतूत मूळ कागद मागितले – या
सं. ५.४० – चवळी, दोडके, आंबटचुका. पालक घेतला नाही
सं. ६.१० – आईंच्या खोलीतला कूलर पाणी ओढत नाही – हे
रा. ८.३० – गोळी ३ – दिली

वरची ‘श्री शिल्लक’ म्हणजे कालची राहिलेली कामं. दुकानाच्या कीर्दीत दिवसाची सुरुवात कालच्या रोख शिलकीने होते, तशी इथे कालच्या बाकी कामांनी. ती ताईला पुन्हा हाताने लिहावी लागतात, आणि हा त्रास फार कामाचा आहे. कंसातला आकडा किती वेळा काम पुढे ढकललं ते सांगतो. तीनावर गेलं की नियम असा, एकतर त्याला तारीख आणि वेळ द्यायची, नाहीतर ते दुसऱ्या कोणाला द्यायचं, नाहीतर रेघ मारून सोडायचं. अ‍ॅपमध्ये चौऱ्याऐंशी कामं लाल होऊन पडली, कारण ती पडून राहायला काहीच लागत नव्हतं. रोज रात्री हाताने उतरवायची वेळ आली असती तर त्यातली साठ पहिल्याच आठवड्यात गेली असती. त्या १४ जुलैला ब्लाउजला तारीख मिळाली.

नंतर वाचताना मला कळलं की अमेरिकेतल्या रायडर कॅरोल या डिझायनरने २०१३ मध्ये बुलेट जर्नल नावाची जी पद्धत लोकांपुढे ठेवली, तिच्यात हेच आहे. घडेल तसं थोडक्यात लिहायचं आणि राहिलेलं हाताने पुढच्या पानावर न्यायचं. लहानपणापासून लक्ष टिकत नसल्याने त्यांनी ती स्वतःसाठी घडवली होती. ते वाचून मला बरं वाटलं, पण ताईला ते समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने बाबांची कीर्द लहानपणापासून पाहिली होती.

खतवायची वेळ ठरली रात्री साडेआठ. सासूबाईंच्या गोळीचा गजर तेव्हाच वाजतो, ताई त्यांच्या पलंगावर बसते, गोळी देते आणि तिथेच वही आणि फोन घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसते. ही वेळ आम्ही मुद्दाम निवडली. आधी ती झोपताना करायचं म्हणत होती, आणि ते तीन दिवसही टिकलं नाही, कारण झोपताना कोणाच्याच अंगात काही उरत नाही. आता जे काम रोज चुकता येत नाही, त्याच्या शेजारी हे काम बांधलं आहे.

फोनकडे आता थोडी आणि नेमकी कामं आहेत. ज्याला घड्याळाची वेळ आहे ते कॅलेंडरवर. जे दर ठरावीक दिवसांनी येतं तेही तिथेच, कारण पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट फोनइतकी चांगली कोणी सांभाळत नाही. आयएनआरची तपासणी, स्कूटीची पीयूसी, विम्याचा हप्ता, मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलायला माणूस सांगणं. नागपुरात ते एप्रिलवर गेलं की माणूस मिळत नाही, त्यामुळे ही नोंद आता १ मार्चला दरवर्षी आपोआप येते. सूचना फक्त दोन वेळा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला, कारण त्या दोनच वेळी ताईच्या हातात फोन असतो. गूगल कीपमध्ये तीन याद्या आहेत, किराणा, औषधं, आणि भाच्याच्या प्रवेशाची कागदपत्रं. किराण्याची यादी चौघांनाही दिसते, म्हणून भाचा येताना दूध घेऊन येतो. बाकी फोनमध्ये काही नाही. कामांचं ते अ‍ॅप मी स्वतः काढून टाकलं.

डोसचा आकडा मात्र आता एकाच जागी आहे. वहीच्या शेवटी आईंचं पान, त्यावर तारीख, आयएनआर, डोस, आणि कोणी सांगितलं. फ्रिजवर कागद नाही. गजराच्या नावात आकडा नाही, फक्त ‘आईंची गोळी, डबी पाहा’. डबी म्हणजे सात कप्प्यांची औषधांची डबी. रविवारी सकाळी ताई आईंचं पान समोर ठेवून ती भरते. गजर फक्त गोळी घ्या म्हणतो, घेतली की नाही ते त्याला कळत नाही. कप्पा रिकामा दिसला की घरातल्या कोणालाही कळतं. डोस बदलला तर पान बदलायचं आणि डबी पुन्हा भरायची, दोनच जागा.

भाऊजींचं पान मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं. वहीच्या मागून तिसऱ्या पानावर ताईने मथळा लिहिला आहे, ‘हे घरी आले की’. त्यावर एकाही कामाला तारीख नाही. त्यांची ड्यूटी आठ तासांच्या वर झाली की नागपूरला आल्यावर साधारण सोळा तासांची विश्रांती मिळते. त्यातली पहिली सात-आठ तास झोप. उरलेल्या वेळात काय काय करता येईल ते त्या पानावर. गॅसची नळी बदलणे. कूलरचा पंप. आईंना रक्त तपासायला नेणे, शक्यतो उपाशीपोटी साखरेबरोबर. वही जेवणाच्या टेबलावर उघडी असते, ते उठतात, चहा घेतात आणि त्यातलं एक काम उचलतात. आधी ताई त्यांना कामं सांगायची आणि ते म्हणायचे, ‘आठवण कर’, आणि त्या आठवण करण्यावरून घरात शब्द वाढायचे. जुलैत एकदा पहाटे चारला आमल्याहून आले, झोपले, उठले, आणि ताई शाळेतून यायच्या आत पंप बसवून पानावर रेघ मारून पुन्हा कॉलवर गेले होते. दोघांची भेट नाही, तरी काम झालं. वेळेवर लावता येत नाही असं काम परिस्थितीवर लावता येतं, हे मला त्या पानाने शिकवलं. माझ्या स्वतःच्या वहीत आता ‘साहेब ऑफिसात असले की’ असं एक पान आहे.

रविवारी सकाळी तेरीज. मुनिमांच्या भाषेत तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहणं. ताई आठवड्याची पानं उलटते, उजव्या रकान्यात कुठे रिकामं राहिलं आहे ते शोधते, पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर वाचते, डबी भरते. अर्धा तास लागतो. मग भाचा त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाकतो. वही लिहायला तो तयार नाही, त्याचं त्याला फोनवर जमतं, आणि आम्ही त्याच्या मागे लागलो नाही. पण हे एक काम त्याने घेतलं.

त्या फोटोंनीच जुलैच्या अखेरीस वाचवलं. ताई शाळेतून येताना मेडिकल चौकात धो धो पावसात सापडली, वही स्कूटीच्या डिक्कीत होती, आणि डिक्कीत पाणी शिरलं. ती जेल पेनने लिहायची. चौदा-पंधरा पानं निळी होऊन एकमेकांत मिसळली. आईंचं पानही गेलं. भाच्याने फोटोंवरून ते पुन्हा उतरवून दिलं, फक्त चालू आठवड्यातले तीन दिवस गेले. तेव्हापासून साधं बॉलपेन, आणि वही दुधाच्या जाड पिशवीत.

पद्धत खरी कशी कामाला येते ते ऑगस्टमध्ये दिसलं. सासूबाईंचा आयएनआर मधले तीन महिने २.६ ते ३.२ मध्ये होता आणि अचानक ४.२ आला. दवाखान्यातून विचारलं, गोळी जास्त गेली का? ताईने डबी आणि पान पाहून सांगितलं, नाही. मग खाण्यात काही बदल? पालक, मेथी अशा पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, म्हणून पालेभाज्या एकदम बंद केल्या तरी आकडा वर जातो. ताईने कीर्द उलटली. भाज्यांची नोंद तिथे होतीच, फारसा बदल नव्हता. पण आठ दिवसांपूर्वीच्या पानावर एक ओळ होती, ‘सं. ७ – आईंना लघवीला जळजळ, चौकातल्या डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल ५ दिवस.’ ती ओळ आईंच्या पानावर चढलीच नव्हती, रकान्यात आडवी रेघ होती, कारण ताईला वाटलं साधं औषध आहे. हे प्रतिजैविक या गोळीचा परिणाम वाढवतं, हे डॉक्टरांना ऐकताक्षणी कळलं. त्यांनी नेहमीचा डोस बदलला नाही. एक गोळी वगळायला सांगितली आणि आठवड्याने पुन्हा तपासलं तर ३.१.

ती ओळ मिळाली नसती तर डॉक्टरांनी कदाचित कायमचा डोस कमी केला असता, आणि प्रतिजैविक संपल्यावर आकडा खाली गेला असता. झडपेसाठी ते जास्त वाईट. ही ओळ मिळाली, कारण कीर्दीत काय महत्त्वाचं आणि काय नाही हे लिहिताना ठरवायचं नसतं. कुठल्याही अ‍ॅपच्या ‘औषधे’ विभागात ताईने ती घातली नसती. ती तिच्या लेखी औषधांची बाब नव्हतीच, त्या संध्याकाळची एक घडामोड होती. आता आईंच्या पानावर सगळ्यात वर लाल पेनने लिहिलं आहे, ‘कोणत्याही डॉक्टरांना पहिलं सांगणे – रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे.’ आणि नवीन औषधाच्या ओळीला आडवी रेघ मारायची नाही, असा नियम केला.

ताईची झोप परत आली त्यालाही कारण आहे असं मला वाटतं. अर्धवट राहिलेलं काम मनात रेंगाळतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की काम पूर्ण न करताही, ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला, की ते मनात येऊन छळणं कमी होतं. साडेआठची ती पंधरा मिनिटं ताईसाठी तेच करतात. आता ती रात्री उठून ‘अगं, उद्या ते राहिलं’ म्हणत नाही, असं सासूबाईंनीच मला सांगितलं.

जे जमलं नाही तेही सांगते. शाळेचे व्हॉट्सअ‍ॅपचे चार गट आहेत आणि रात्री नऊनंतर त्यांवर सूचना येतात. उद्या सकाळपर्यंत अमुक माहिती भरा, अमुक फोटो टाका. खतवून झाल्यावर आलेल्या या गोष्टींसाठी आमच्या पद्धतीत जागा नाही. ताईने मेसेजना स्टारची खूण करून पाहिली, त्या खुणा शंभरावर गेल्या आणि पुन्हा तेच झालं. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून आहे, तीही वापरली. पण तो पुन्हा चिठ्ठ्यांचा ढीगच होतो, फक्त काचेआड. सध्या ती सकाळी चहाबरोबर गट वाचून आवश्यक ते कीर्दीत उतरवते, आणि कधीकधी उशीर होतो. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि एका बाबतीत आमच्यात वाद चालू आहे. सासूबाई आता म्हणतात की मला माझं कळतं, रोज संध्याकाळी मी स्वतःच डबी पाहते, त्या गजराची काही गरज नाही. ताईचंही तेच मत होत चाललं आहे. ती म्हणते, ‘बाप्पा, ते वाजलं की आईंना वाटते आपण आजारी आहोत.’ मला हे मान्य नाही. गजर गेला तर साडेआठची वेळ जाईल, आणि ती गेली तर खतवणं जाईल. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आधी दिवाळी होऊ द्या, वही भरू द्या, नवी वही काढताना ठरवू. वहीची त्रेचाळीस पानं उरली आहेत. पुढची तपासणी सोमवारी आहे, आणि ती कॅलेंडरवर चढलेली आहे.